चीनमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती
गावपातळीवरील तयारीचा एक पाठ

ठाणे-बेलापूर रस्ता आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात घणसोली गाव वसले आहे. भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या या भागाचे रूप गेल्या अर्धशतकात पालटून गेले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातील शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाचजण हुतात्मा झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना अमलात आली. भूखंड मिळाले, घरे उभी राहिली. पण मुलाच्या हाती सोपवावे असे शेत मात्र उरले नाही. अशा गावात शिक्षण हीच पुढच्या पिढीची खरी वतनवाडी होय. म्हणूनच परदेशी शिक्षणाच्या संधींविषयीची नेमकी माहिती गावापर्यंत पोहोचणे अगत्याचे ठरते.

अशा संधींपैकी एक म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेली चीन सरकारची शिष्यवृत्ती. तिच्याविषयी दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, ती केवळ मोठ्या शहरांतील नामांकित महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. दुसरा असा की, ती मध्यस्थाला पैसे देऊन ‘मिळवता’ येते. पहिल्या समजामुळे पात्र विद्यार्थी अर्जच करीत नाहीत. दुसऱ्यामुळे कुटुंबे भूखंडाचा पैसा गमावून बसतात. या दोन्ही समजांचे निरसन करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

जुनी वाट

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. १९३८ साली भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनमध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला. ते सेवेसाठी गेले होते. शिक्षणासाठी जाणाऱ्यांत वसंत परांजपे यांचे नाव घ्यावे लागेल. १९४७ साली शिष्यवृत्तीवर ते पेकिंग विद्यापीठात गेले, चिनी भाषेत पारंगत झाले आणि पुढे परराष्ट्र सेवेत दाखल झाले. १९५४ साली पंडित नेहरू आणि माओ त्से-तुंग यांच्या भेटीत दुभाष्याचे काम त्यांनी केले. भाषा शिकण्याची तयारी ठेवणाऱ्यापुढे कोणते दरवाजे उघडतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

काय मिळते, कोणाला मिळते

पूर्ण शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क माफ होते, विद्यापीठाच्या वसतिगृहात निवास मिळतो, आरोग्य विमा उतरविला जातो आणि दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. हा भत्ता पदवीच्या विद्यार्थ्यास २,५०० युआन, पदव्युत्तर विद्यार्थ्यास ३,००० युआन आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास ३,५०० युआन असा ठरविलेला आहे. विमानभाडे त्यात गृहीत धरू नये. त्याची तरतूद कुटुंबाने वेगळी करावी.

वयाच्या अटी स्पष्ट आहेत. पदवीसाठी २५, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ३५ आणि पीएच.डी.साठी ४० वर्षांखालील अर्जदार पात्र असतो. पदवी अभ्यासक्रमाची शिष्यवृत्ती घेणाऱ्याला चिनी माध्यमातून शिकावे लागते. भाषा येत नसल्यास आधी चिनी भाषेचा पूर्वतयारी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पदव्युत्तर आणि पीएच.डी. पातळीवर मात्र अनेक विद्यापीठांत इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम आहेत. त्यामुळे आपल्याकडील विद्यार्थ्याने येथेच पदवी घेऊन मग अर्ज करणे अधिक सोयीचे ठरते.

एकदा मिळालेली शिष्यवृत्ती शेवटपर्यंत राहतेच असेही नाही. दरवर्षी विद्यार्थ्याच्या प्रगतीचा आढावा घेतला जातो आणि त्यात कमी पडणाऱ्याची शिष्यवृत्ती स्थगित किंवा बंद होऊ शकते.

अर्जाचे दोन मार्ग

पहिला मार्ग दोन सरकारांमधील करारांतून येतो. भारत आणि चीन यांच्यात २००६ साली शिक्षणविषयक देवाणघेवाणीचा कार्यक्रम ठरला. त्यानुसार दोन्ही बाजूंनी २५ विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याची योजना होती. मे २०१५ मध्ये नवा कार्यक्रम स्वाक्षरित झाला. ज्या वर्षी भारत सरकारचे शिक्षण मंत्रालय यासंबंधी सूचना प्रसिद्ध करते, त्या वर्षी विहित मुदतीत तेथे अर्ज करावयाचा असतो. दुसरा मार्ग थेट विद्यापीठाचा. चीनमधील अनेक विद्यापीठांना स्वतः उमेदवार निवडून शिफारस करण्याचा अधिकार दिलेला आहे. दोन्ही मार्गांनी येणारे अर्ज शेवटी चीनच्या शिष्यवृत्ती परिषदेकडे जातात. ही परिषद १९९६ साली स्थापन झाली आणि तिच्याच संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. या दोन मार्गांपैकी कोठेही खाजगी मध्यस्थाला स्थान नाही, हे पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

वर्षभराचे वेळापत्रक

उदाहरणादाखल घणसोली गावातील एक विद्यार्थिनी घेऊ. ती आगरी कुटुंबातील असून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरासमोरच औद्योगिक पट्टा असल्याने सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा प्रश्न तिने लहानपणापासून पाहिला आहे आणि त्याच विषयात तिला पुढे शिकायचे आहे. चीनमधील शैक्षणिक वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते. अर्जांचा काळ साधारणतः आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत असतो. प्रत्येक विद्यापीठाची मुदत वेगळी असते. म्हणजे सप्टेंबरमध्ये जायचे असेल तर तयारी आदल्या वर्षीच्या जून-जुलैमध्येच सुरू झाली पाहिजे.

जून-जुलैमध्ये तिने पासपोर्ट काढावा आणि विषयानुसार विद्यापीठांची यादी करावी. सप्टेंबरपर्यंत इंग्रजीची मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी; चिनी शिकत असल्यास एचएसके ही भाषा परीक्षा द्यावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या विषयातील प्राध्यापकांना पत्रे लिहावीत, कारण मार्गदर्शक प्राध्यापकाचे संमतिपत्र किंवा विद्यापीठाचे पूर्वप्रवेशपत्र जोडलेल्या अर्जाचे पारडे जड होते. डिसेंबर-जानेवारीत अर्ज दाखल करावा. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. निकाल उन्हाळ्याच्या अखेरीपासून जुलैपर्यंत लागतात. निवड झाल्यावर प्रवेशपत्र आणि व्हिसासाठीचा विहित नमुना विद्यार्थ्याकडे येतो. शिष्यवृत्तीधारकाला मिळणाऱ्या नमुन्याचा क्रमांक जेडब्ल्यू २०१ असतो, तर स्वखर्चाने जाणाऱ्याचा जेडब्ल्यू २०२. कोणी ‘शिष्यवृत्ती’ म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा नमुना हाती ठेवला, तर त्याला तत्काळ खुलासा विचारावा.

कागदपत्रे : अडचण कोठे येते

अर्जासोबत पासपोर्टची प्रत, शेवटच्या परीक्षेचे प्रमाणपत्र, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, अभ्यासयोजना, पदव्युत्तर पातळीवर दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे, परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा वैद्यकीय तपासणीचा नमुना आणि गुन्हा नोंद नसल्याचे प्रमाणपत्र लागते. इंग्रजी किंवा चिनीत नसलेल्या कागदांचे प्रमाणित भाषांतर जोडावे लागते.

यातील सर्वांत मोठी अडचण नावाची असते. आपल्या राज्यातील गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे आणि कित्येकदा आईचेही नाव छापलेले असते. पासपोर्टवर आडनाव आणि नाव स्वतंत्र रकान्यांत असते. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांत स्पेलिंगचा एका अक्षराचा फरक असला तरी परक्या देशातील कारकुनाला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे आणि फरक असल्यास राजपत्रात नाव प्रसिद्ध करण्याची किंवा प्रतिज्ञापत्राची कार्यवाही आधीच उरकावी. हे काम पंधरा दिवसांत होत नाही.

वैद्यकीय नमुन्याचे दुसरे पथ्य आहे. त्या तपासणीचा निकाल सहा महिनेच ग्राह्य असतो. म्हणून ती फार लवकर करू नये. तपासणाऱ्या डॉक्टरांची सही, रुग्णालयाचा शिक्का आणि छायाचित्रावर उमटलेला शिक्का या तीन गोष्टींपैकी एकही नसली तरी नमुना अग्राह्य ठरतो.

अभ्यासयोजना

पदव्युत्तर अर्जदाराला किमान आठशे शब्दांची अभ्यासयोजना लिहावी लागते. येथेच गावच्या विद्यार्थ्याचे बळ असते, आणि येथेच ते वाया जाते. बहुतेक जण चीनच्या प्राचीन संस्कृतीची स्तुती आणि स्वतःच्या जिज्ञासेचे वर्णन करून थांबतात. त्याऐवजी आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीने पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत : मी कोणता प्रश्न पाहिला? त्याविषयी आजवर काय शिकले? कोणती पद्धत शिकायची आहे? ती त्याच विद्यापीठात का? परतल्यावर ती कोठे वापरीन? खाडीकाठच्या गावाने पाहिलेले पाणी हा तिचा स्वतःचा अनुभव आहे. तो दुसऱ्या कोणत्याही अर्जात सापडणार नाही. ही योजना विकत लिहून घेतली की हा एकमेव वेगळेपणाही जातो.

वैद्यकीय शिक्षणाबाबत सावधानता

चीनमध्ये शिकणाऱ्या भारतीयांपैकी मोठा वर्ग वैद्यकीय शाखेचा असतो आणि फसगतही तेथेच अधिक संभवते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी पदवी किमान ५४ महिन्यांची, इंग्रजी माध्यमाची, त्याच संस्थेत १२ महिन्यांच्या आंतरवासितेसह आणि त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळू शकेल अशी असावी लागते. २०१८ पासून नीट परीक्षेची पात्रताही आवश्यक झाली आहे. इकडे चीन सरकारची पदवी पातळीवरील शिष्यवृत्ती चिनी माध्यमासाठी आहे. हे दोन नियम शेजारी ठेवले की ‘सरकारी शिष्यवृत्तीवर मोफत डॉक्टर’ ही जाहिरात किती पोकळ आहे ते कळते. अशा जाहिरातीत दिसते ती बहुधा विद्यापीठाच्या शुल्कातील सवलत. बाकीचा खर्च पालकांचाच.

परतल्यावरची परीक्षाही सोपी नाही. बीजिंग येथील भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेल्या ४०,४१७ जणांनी भारतातील पात्रता परीक्षा दिली. त्यांपैकी ६,३८७ उत्तीर्ण झाले. हे प्रमाण सुमारे १६ टक्के भरते. शिवाय महामारीच्या काळात २०२० पासून हजारो भारतीय विद्यार्थी परत जाऊ शकले नाहीत. त्यांच्यासाठी व्हिसा ऑगस्ट २०२२ मध्येच पुन्हा सुरू झाले. परदेशी शिक्षणात हा धोका नेहमीच असतो. म्हणून त्यासाठी घर किंवा भूखंड गहाण ठेवण्यापूर्वी दहादा विचार व्हावा.

राज्याच्या योजनांची जोड

चीन सरकारची शिष्यवृत्ती न मिळाल्यास मार्ग बंद होत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी राज्याने २०१८ साली परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. आगरी समाज इतर मागास वर्गात मोडत असल्याने घणसोलीसारख्या गावांना ही योजना विशेष उपयोगी आहे. या योजनांत विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाते. त्यांसाठी जातीचे प्रमाणपत्र, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवास प्रमाणपत्र यांची गरज पडते. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा विद्यार्थी बारावीत असतानाच ही प्रमाणपत्रे तयार ठेवणे शहाणपणाचे.

आपण काय करावे

या कामात शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांचा वाटा मोठा आहे. शाळेने दहावीच्या परीक्षेचे आवेदनपत्र भरतानाच नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग जन्मदाखल्याशी ताडून पाहावे. पुढची निम्मी दुरुस्ती वाचेल. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी शिफारसपत्रात ‘विद्यार्थी हुशार व नम्र आहे’ एवढेच न लिहिता त्याने कोणता प्रयोग केला, कोठे चिकाटी दाखविली ते लिहावे. महसूल कार्यालयांनी प्रमाणपत्राच्या अर्जात त्रुटी असल्यास ती एकाच वेळी, लेखी कळवावी. तीन खेपांत तीन त्रुटी निघाल्या तर मुदत टळते आणि वर्ष बुडते. ग्रामपंचायतींनी, आणि घणसोलीप्रमाणे जी गावे महानगरपालिकेत गेली आहेत तेथील नगरसेवकांनी व ग्रामस्थ मंडळांनी, वाचनालयात एक फलक राखून त्यावर योजनेचे नाव, मुदत आणि अधिकृत संकेतस्थळ लिहावे. मध्यस्थाने पैसे मागितल्यास पालकांनी प्रथम या फलकाकडे यावे, अशी सवय गावाला लागली पाहिजे.

शिष्यवृत्ती सर्वांना मिळणार नाही. पण वर्षभर शिस्तीने कागद जमविलेला, एक भाषा शिकलेला आणि आपल्या गावाचा प्रश्न आठशे शब्दांत मांडू शकणारा विद्यार्थी अर्ज नामंजूर झाला तरी रिकाम्या हाताने परतत नाही. तीच फाईल पुढील वर्षी दुसऱ्या योजनेसाठी उपयोगी पडते. एकदा विकलेला भूखंड मात्र पुन्हा हाती येत नाही.