अक्कलदाढ काढल्यावर चौथ्या दिवशी दुखणे वाढले तर



मंद्रूपमधील एका ताईंची खालची अक्कलदाढ सोमवारी काढली. मंगळवारी दुखले, बुधवारी जरा कमी झाले. गुरुवारी त्या खुरपायला गेल्या, कारण तीन दिवसांचा रोज आधीच बुडाला होता. त्या रात्री ठणका सुरू झाला तो असा की, कळ कानातून थेट डोक्यात जाऊ लागली. घरात सगळे म्हणाले, "दाढ काढली म्हणजे दुखणारच." मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. शेजारच्या मावशींनी सांगितले म्हणून मशेरी दाबून झाली. रविवारी विहारात वंदनेला आल्या तेव्हा तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, तेव्हा आम्हाला कळले. दुसऱ्या दिवशी त्यांना दंतवैद्याकडे नेले. डॉक्टरांनी खाच धुतली, औषधाची पट्टी भरली. थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "चार रात्री उगाच जागून काढल्या."

त्या चार रात्री आणखी कोणाच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून या महिन्याचे आरोग्यपान अक्कलदाढेसाठी. दाढ काढताना काय करायचे ते डॉक्टर बघतात. घरी आल्यावर काय बघायचे, ते आपल्यालाच शिकावे लागते.

अक्कलदाढ अडचण का करते

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 वयात येते. तोपर्यंत जबड्यातली जागा बाकीच्या दातांनी भरलेली असते. मग ती आडवी येते, अर्धी हिरडीखाली अडकते. तिच्यावर हिरडीची टोपी राहते, त्या टोपीखाली अन्न अडकते, कुजते, सूज येते. खालची अडकलेली दाढ काढताना अनेकदा हिरडी कापावी लागते, थोडे हाड कोरावे लागते, टाके पडतात. म्हणजे हे लहानसे ऑपरेशनच आहे. साधा हलणारा दात काढणे आणि हे एकच समजू नका.

पहिले 24 तास: गुठळी सांभाळा

दाढ निघाली की तिथे खाच राहते आणि खाचेत रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी म्हणजे जखमेवरचे झाकण. तिच्याखाली हाड आणि नसा झाकल्या जातात, तिच्यातूनच नवे मांस भरते. पहिल्या दिवशीची सगळी पथ्ये या गुठळीसाठी आहेत.

- डॉक्टरांनी दिलेला बोळा 30 ते 45 मिनिटे घट्ट चावून ठेवा. सारखा काढून बघू नका.
- थुंकू नका, चूळ भरू नका. लाळ गिळा. थुंकण्याच्या ओढीने गुठळी निघते.
- नळीने काही पिऊ नका. विडी, सिगारेट ओढू नका.
- बाहेरून गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटे लावा, 15 मिनिटे काढा. पहिल्या दिवशी गरम शेक देऊ नका, रक्त वाढते.
- झोपताना उशी उंच घ्या.
- अन्न गार किंवा कोमट, मऊ असावे. भाताची पेज, पातळ वरण, ज्वारीची आंबील, ताक, हुलग्याचे माडगे गार करून. आपल्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर बाजूला ठेवा. शेंगदाण्याचा कण खाचेत बसला तर तो निघत नाही.
- बधिरपणा उतरेपर्यंत चावून खाऊ नका. ओठ आणि जीभ चावली जाते, आणि ते कळतही नाही.

24 तासांनंतर एक पेला पाणी उकळून कोमट करा, त्यात अर्धा चमचा मीठ टाका. जेवणानंतर आणि झोपताना हळू चूळ भरा. पाणी तोंडात फिरवा आणि मान वाकवून सोडून द्या, जोरात खळखळू नका. बाकीचे दात मऊ ब्रशने घासायचेच आहेत. तोंड अस्वच्छ ठेवले तर जखम बरी होत नाही.

काय साधारण आहे

पहिल्या दिवशी लाळ तांबूस येते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. तोंड कमी उघडते, ते साधारण आठ-दहा दिवसांत मोकळे होते. गालावर निळसर डाग पडू शकतो. याने घाबरू नका.

नियम एकच लक्षात ठेवा: तिसऱ्या दिवसानंतर दुखणे आणि सूज रोज थोडी कमी झाली पाहिजे. कमी होऊन पुन्हा वाढली, तर दाखवायला जायचे. "दुखणारच" हे वाक्य तिसऱ्या दिवसानंतर घरात कोणी म्हणू नये.

रक्त थांबत नसेल तर

लाळेत मिसळलेले थोडे रक्तही पुष्कळ दिसते, म्हणून आधी बसा, घाबरू नका. स्वच्छ कापसाची पट्टी किंवा उकळून वाळवलेल्या सुती कापडाची घडी करा, ओली करून पिळा, नेमकी खाचेवर ठेवा आणि अर्धा तास घट्ट चावून धरा. बोलू नका, उघडून बघू नका. असे दोनदा करूनही तोंड रक्ताने भरत असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. हळद, तुरटी, कॉफी, राख खाचेत भरू नका.

कोरडी खाच

वर सांगितलेल्या ताईंना हेच झाले होते. गुठळी निघून गेली किंवा विरघळली की आतले हाड उघडे पडते. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. खूण अशी: दाढ काढल्यानंतर दोन ते चार दिवसांनी ठणका वाढतो, कळ कानाकडे, कानशिलाकडे जाते, तोंडाला घाण वास आणि चव येते, खाच रिकामी दिसते. ताप बहुधा नसतो, पूही नसतो. खालच्या अडकलेल्या दाढेनंतर हा त्रास बऱ्याच जणांना होतो. तंबाखू घेणाऱ्यांना जास्त होतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बहिणींनाही धोका थोडा वाढतो, म्हणून दाढ काढण्याआधी माला-एनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

उपाय दंतवैद्याकडे आहे आणि सोपा आहे. खाच धुऊन औषधाची पट्टी भरतात, गरज पडली तर एक-दोन दिवसांनी बदलतात. दुखणे लवकर उतरते. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या वाढवून घेऊन हे बरे होत नाही. दुखऱ्या जागी गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंगेचे तेलही घरी खाचेत ओतू नका.

पू, ताप आणि पसरणारी सूज

ताप, थंडी, पू, तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी, कडक, गरम सूज ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. त्याच दिवशी दाखवा. दिलेली अँटिबायोटिक सांगितले तितके दिवस घ्या. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद. दोन्ही एकत्र गेल्यास उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. खालच्या दाढेचा संसर्ग जबड्याखाली, जिभेखाली आणि तिथून गळ्यात उतरू शकतो. गिळता येत नाही, लाळ गळते, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, आवाज बदलतो, तोंड उघडत नाही, श्वास लागतो यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. श्वासनलिका दाबली जाते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. लगेच 108 ला फोन करा. तोवर रुग्णाला आडवे झोपवू नका, बसवून ठेवा. वॉर्डात काम करताना आम्ही असे रुग्ण पाहिले आहेत. जे वाचले ते वेळेत आले म्हणून वाचले.

बधिरपणा आणि नाकातून पाणी

इंजेक्शनचा बधिरपणा काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर असेल तर डॉक्टरांना सांगा. खालच्या दाढेजवळून नस जाते, तिला धक्का लागलेला असू शकतो. बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, क्वचित राहते. पण नोंद पहिल्यांदाच झाली पाहिजे.

वरची दाढ काढल्यावर प्यायलेले पाणी नाकातून आले, तर तोंड आणि नाकाशेजारची पोकळी यांत छिद्र राहिले आहे. नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या आणि दाखवा. दाढ काढल्यावर काही दिवसांनी चावताना कट्ट आवाज होऊन वरचे-खालचे दात नीट बसेनासे झाले, तर जबडा तडकल्याची शंका घ्या. हे फार क्वचित होते.

मशेरी, मावा, गुटखा

ही गोष्ट आपल्या वस्त्यांत स्पष्ट बोलली पाहिजे. बायका मशेरी लावतात, पोरे मावा खातात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते. ताज्या जखमेवर मशेरीचे बोट फिरले की गुठळी निघते, तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. किमान आठवडाभर बंद ठेवा. आठवडा जमला तर पुढचाही जमतो. पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो, त्याचा अर्थ तोंडाच्या आरोग्याशीही आहे.

दोन सूचना आणखी. तोंड कमी उघडते म्हणून "अक्कलदाढ येत असेल" असे समजून मावा खाणारी मुले घरी बसतात. सुपारीमुळे गालाचे आतले कातडे कडक होते आणि तोंड उघडेनासे होते, तो वेगळा आजार आहे आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. तसेच दाढ काढलेली जागा तीन आठवड्यांतही भरली नाही, तिथे चट्टा, गाठ किंवा वाढलेले मांस दिसले, तर तपासणी करून घ्याच.

दाढ काढण्याआधी डॉक्टरांना हे सांगा

- मधुमेह असेल तर साखर तपासून जा. वाढलेल्या साखरेत संसर्ग लवकर पसरतो. 2021 मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीने कित्येकांचे वरचे जबडे गेले, त्यांत मधुमेही मोठ्या संख्येने होते. जखम काळी पडली, गाल बधिर झाला, तर लगेच जा.
- रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर सांगा. गरोदरपणात आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नका.
- पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर सांगा.

दुखण्याच्या गोळ्या जेवून घ्या. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवा. वेगवेगळ्या नावांच्या पुड्यांत तेच औषध असते, ते दुप्पट जाऊ देऊ नका.

ऐकीव गोष्टी

"वरची दाढ काढली की डोळा जातो." जात नाही. दृष्टीची नस वेगळी, दाताची नस वेगळी. "अक्कलदाढ गेली की अक्कल जाते." ही दाढ जाणत्या वयात येते म्हणून तिला हे नाव पडले, एवढेच. दातातले किडे नळीने काढून दाखवणारे हातचलाखी करतात. दात किडतो तो जंतू आणि गोडामुळे, त्यात अळ्या नसतात. गालावर अंगारा लावून पू निघत नाही. आठवडी बाजारात दात काढणाऱ्याकडे जाऊ नका. कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या दंतवैद्यालाच हे काम करता येते. नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नाही. ऐकीव गोष्ट तपासून मगच स्वीकारावी, हीच तर तथागतांची शिकवण आहे.

कुठे जायचे

आपल्या मंद्रूपला ग्रामीण रुग्णालय आहे. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते आधी विचारून घ्या म्हणजे रोज बुडवून फेरी वाया जाणार नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अवघड दाढ असेल तर सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात पाठवणी चिठ्ठी घेऊन जा. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथले शुल्क वेगळे असू शकते, ते आधी विचारा. केस पेपर आणि एक्स-रे फेकू नका, पुढच्या वेळी तेच बोलतात.

खाजगी दवाखान्यात दाढ काढली असेल, तरी नंतर त्रास झाल्यावर पुन्हा जायला संकोच करू नका. "पुन्हा आलो तर रागावतील, पैसे मागतील" या भीतीने आपली माणसे घरी कण्हत राहतात. दाढ काढण्याच्या दिवशीच विचारा: रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? टाके कधी काढायचे? पुन्हा तपासणीचे पैसे पडतील का? आपल्याच तालुक्यातल्या वळसंगला 1937 साली बाबासाहेबांच्या हस्ते विहीर खुली झाली. पाणी मागायचे नसते, तो हक्क असतो, हे तिथे शिकवले गेले. उपचाराचेही तसेच आहे.

विहाराने काय करावे

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आजारी भिक्खूचा प्रसंग दिला आहे. त्याला कोणी विचारत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले आणि संघाला सांगितले की आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा. आपण यातून एक छोटे काम करू शकतो. वस्तीत कोणाची दाढ काढली की महिला मंडळातील एकीने तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी त्या घरी जावे आणि पाच प्रश्न विचारावेत. ही यादी कापून विहाराच्या फळ्यावर लावा:

1. दुखणे कालपेक्षा कमी आहे की जास्त?
2. ताप, पू, वाढती सूज आहे का?
3. गिळता येते का, श्वास नीट आहे का? नसेल तर 108.
4. ओठ, जीभ बधिर आहे का? नाकातून पाणी येते का?
5. तंबाखू, मशेरी बंद आहे का?

त्या ताई पुन्हा कामावर जाऊ लागल्या आहेत. मशेरीची डबी त्यांनी आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे पण लिहा." म्हणून लिहिले.

जय भीम. नमो बुद्धाय.