कोरा सातबारा आणि न वाचलेली माती

– द्वितीय वर्ष कला (भूगोल)

गेल्या दिवाळीत आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, दोन गुंठे जागा घेण्याच्या विचारात होते. जागा पुणे–नगर रस्त्यापासून फार लांब नाही. तेथे पूर्वी लोखंडी भागांना क्रोमचा मुलामा देण्याचा एक लहानसा कारखाना होता. तो बंद पडला, पत्रे उतरले, यंत्रे भंगारात गेली आणि जमीन सपाट करून तिच्यावर फक्कीने प्लॉट आखले गेले. एजंटाने तात्यांच्या हातात सातबारा ठेवला व म्हणाला, "बघा, कोरा आहे. बोजा नाही, कूळ नाही, भानगड नाही." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे घरात कोणताही कागद आला की तो माझ्यापुढे येतो, मग मला तो समजो वा न समजो.

सातबारा मला वाचता आला. पण कुंपणालगतच्या विहिरीचे पाणी पिवळसर दिसते आणि गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, असे शेजारच्या शेतकऱ्याने सांगितले. त्याची नोंद कोठे असते? नमुना सात मालकाचे नाव सांगतो, नमुना बारा पिकाचे. जमिनीत काय मुरले हे सांगणारा रकाना दोहोंतही नाही. मी ही शंका आमच्या भूगोलाच्या सरांना विचारली. त्यांनी उत्तर न देता वाचायला लावले. त्या वाचनातून प्रस्तुत लेख झाला आहे.

आमच्या कोरेगाव भीमाच्या आसपास सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत, असा हा सगळा पट्टा कारखान्यांचा. कारखाना आला की गावात त्याची चर्चा होते, बंद पडला की कामगारांच्या घरी चूल थंडावते म्हणून चर्चा होते. त्याच्या खालच्या जमिनीची चर्चा मात्र कोणी करीत नाही.

अशा जमिनीचे पुढे काय होते याचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण भोपाळचे आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. पण वायू त्या रात्रीनंतर विरून गेला. जे विरले नाही ते जमिनीत होते. कारखाना चालू असतानाच त्याचे टाकाऊ द्रव्य आवारात खड्ड्यांत व बाहेर बांधलेल्या बाष्पीभवनाच्या तळ्यांत जात होते. म्हणजे दुर्घटना घडली नसती तरी ही जमीन बिघडलेलीच असती. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडील बंद कारखान्यांत कोणतीही दुर्घटना घडलेली नसते आणि म्हणून तेथे सर्व ठीक आहे असे आपण धरून चालतो.

भोपाळच्या या जमिनीचा अभ्यास आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने केला. तिच्या २०१० च्या अहवालात दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन असा दिला आहे. याउलट आवारात पोती व पिंपांत भरून ठेवलेला कचरा साडेतीनशे टनांच्या आतबाहेर होता. वर्तमानपत्रांतून गाजला तो हा दुसरा, दिसणारा कचरा. तो कोठे न्यावा यावर वर्षानुवर्षे वाद झाला. २०११ साली नागपूरजवळच्या डी.आर.डी.ओ.च्या भट्टीत तो जाळण्याचा विचार पुढे आला, तेव्हा विदर्भातून विरोध झाला व महाराष्ट्र शासनानेही तो नको म्हटले. २०१२ मध्ये जर्मनीला पाठविण्याची योजनाही बारगळली. शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरांतून ३३७ टन कचरा धार जिल्ह्यातील पिथमपूरला निघाला. त्या दिवशी आमच्याकडे विजयस्तंभाला अभिवादनासाठी लाखो लोक आलेले असतात. मी पाणी वाटपाच्या कामावर होतो, ही बातमी मला नंतर कळली. पिथमपूरच्या लोकांनीही मोठा विरोध केला. तरी जूनअखेर तो सर्व कचरा जाळून झाला, आणि मग राखेचे काय करायचे हा प्रश्न उरला.

नागपूरकरांना नको होते, पिथमपूरकरांनाही नको होते, आणि दोघांनाही मी दोष देऊ शकत नाही. कारण आमच्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावला, घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र आहे. कोठल्या तरी जमिनीची सफाई झाली म्हणजे कोणाच्या तरी शिवारात ते पोचले, असाही त्याचा अर्थ असतो. असो. भोपाळमध्ये ३३७ टन हलले. मातीचा प्रश्न तेथेच आहे.

आता जमीन तपासतात कशी, ते पाहू. मला वाटत होते की एक मूठ माती प्रयोगशाळेत दिली की काम झाले. तसे नाही. तपासणीची सुरुवात मातीपासून होतच नाही, कागद आणि माणसांपासून होते. येथे काय बनत होते, कोणती रसायने येत होती, टाक्या कोठे होत्या, सांडपाणी कोणत्या बाजूने जात होते, हे जुने नकाशे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे आणि निवृत्त कामगार यांच्याकडून कळते. या पायरीला खर्च सर्वांत कमी आणि उपयोग सर्वांत जास्त. मुलामा देण्याचा हौद कोठे होता हे जुन्या वॉचमनला जितके माहीत असते तितके कोणत्याही यंत्राला नसते.

त्यानंतर नमुने. जमिनीवर चौकटी आखून निरनिराळ्या खोलीची माती काढतात, आणि भूजल ज्या दिशेने येते व ज्या दिशेने जाते अशा दोन्ही बाजूंच्या विहिरी-बोअरचे पाणी घेतात. वरच्या बाजूचे पाणी चांगले आणि खालच्या बाजूचे वाईट निघाले, तर दोष मधल्या जागेचा. आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा. पाणी येथे वाळूतून झिरपावे तसे सरळ न जाता मुरमातून व खडकाच्या भेगांतून वाट काढते. म्हणून जवळची विहीर चांगली आणि लांबची बिघडलेली, असेही होऊ शकते.

मग धोका ठरवायचा. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : विष, त्याची वाट आणि त्या वाटेवरचा माणूस. यांपैकी एक जरी तोडली तरी धोका टळतो. क्रोमचेच पाहा. मुलाम्याच्या हौदातील क्रोमियम पाण्यात सहज विरघळते, पिवळे दिसते, पाण्याबरोबर लांब जाते आणि कर्करोगास कारण होते. त्याला लोहाच्या क्षाराची, उदाहरणार्थ फेरस सल्फेटची, मात्रा दिली की ते पुष्कळसे निरुपद्रवी अशा दुसऱ्या रूपात बदलते व मातीला धरून बसते. हा झाला जागच्या जागी उपचार. दुसरा मार्ग माती खणून सुरक्षित खड्ड्यात नेण्याचा. तिसरा, दूषित पाणी उपसून शुद्ध करण्याचा. त्यास वर्षानुवर्षे लागतात. चौथा, वर चिकणमातीचा व प्लास्टिकचा थर देऊन झाकण्याचा. झाकलेली जागा गोदामाला चालेल. जेथे मुले मातीत खेळणार आणि दारात बोअर मारणार, तेथे चालणार नाही.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ, हाही वादाचा विषय आहे. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद झाला. तेथील मातीत किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत पारा चालेल असे ठरविण्यात आले, आणि ही मर्यादा सैल आहे असे तेथील संघटना सांगत राहिल्या.

अमेरिकेतील एक गोष्ट मी तात्यांना सांगितली. नायगारा फॉल्स या शहरात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती ओढली आणि ती जागा शाळा मंडळाला एक डॉलरला विकली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता, आणि पुढे इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही असेही लिहिले होते. शाळा उठली, घरे उठली. १९७८ साली तेथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली, आणि १९८० मध्ये अशा जागांच्या सफाईसाठी अमेरिकेला कायदा करावा लागला. तात्या म्हणाले, "एका डॉलरला कोण जमीन देतं रे? तिथंच शंका यायला पाहिजे होती." आमच्या जागेचा भाव आजूबाजूपेक्षा कमी होता, हे तेव्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आले.

आपल्याकडे असा नियम जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने काढला. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि ज्याने जमीन बिघडविली त्याच्याकडून खर्च घ्यायचा, अशी त्यात तरतूद आहे. त्या वेळी देशात १०३ जागा दूषित म्हणून नोंदल्या होत्या आणि सफाई सुरू झाली होती ७ ठिकाणी. या १०३ मध्ये एखादी दहा-वीस गुंठ्यांची मुलाम्याची शेड कशी यायची? आणि मालक कारखाना विकून निघून गेला, विकणाऱ्यानेही प्लॉट पाडून विकले, तर खर्च कोणाकडे मागायचा? चार-चार गुंठ्यांचे वीस मालक झाल्यावर ती जमीन पुन्हा खणणे जवळजवळ अशक्य. म्हणून तपासणी व्हायची ती फक्की पडण्यापूर्वीच व्हायला हवी.

तात्यांनी अजून इसार दिलेला नाही. एजंटाकडे आम्ही कारखान्याचे जुने संमतीपत्र मागितले, तर तो हसला व म्हणाला, "अहो, घर बांधायचंय का कारखाना काढायचाय?" जुन्या वॉचमनचा पत्ता मात्र लागला. ते आता मुलाकडे शिक्रापुरात राहतात. त्यांनी जमिनीवर काठीने रेघ ओढून हौद कोठे होता ते दाखविले. तात्यांच्या नावाने आखलेला प्लॉट त्याच्यापासून तिसरा आहे. विहिरीच्या पाण्याची बाटली आम्ही पुण्याला प्रयोगशाळेत दिली आहे. अहवाल यायचा आहे.