नवी पेटी घेताना

अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांवर जातो. लाकूड आकसतं, अन् दुकानात गोड वाजलेली पेटी मे महिन्यात दमेकऱ्यासारखी धापा टाकते. म्हणून भजनी मंडळाच्या वर्गणीतून पेटी घेताना पॉलिशला भुलू नका, आधी हवा पाहा. खटके उघडा, एकही पट्टी न दाबता भाता मारा. चार-पाचदा मारल्यावर तो जड झाला पाहिजे. हलकाच चालला तर हवा गळतेय. मग खर्ज-नर एकत्र वाजवा. सूर थरथरला? फर्स्ट इयरच्या फिजिक्समधले बीट्स ते हेच! खर्जाच्या दुप्पट कंप्रतेत अन् नराच्या कंप्रतेत जितक्या हर्ट्झचा फरक, तितक्या थरथरी सेकंदाला. दुकानदार म्हणेल, 'वाजवून वाजवून बसेल.' बसत नाही, बरं का! सुराची पितळी जीभ घासावीच लागते: टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. ते काम पैसे देण्याआधी, समोर बसून करून घ्या.