आधी ठरवा, नोंद कुणाची

माहिती प्रणालीचं विश्लेषण आणि आराखडा शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की आकृत्या नंतर काढा, आधी नोंद कुणाची करायची ते ठरवा. हे मी चिडूनच सांगतो. प्रणाली फसली की 'लोकांना फॉर्म भरता येत नाही' असं म्हणून हात झटकणारी माणसं मला अजून खुपतात. ते नाही चाललं तर 'सर्व्हर डाऊन' आहेच. या दोन उत्तरांआड मूळ चूक झाकली जाते आणि खेटे घालतो तो शेतकरी.

महाराष्ट्रातली २०१७ ची शेतकरी कर्जमाफी घ्या. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत सुरुवातीला दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुलं. बँकेकडे मात्र नोंद कर्जखात्याची, सातबारा जमिनीचा, आधार एकेका माणसाचं. योजनेला हवं होतं तसं कुटुंब बँकेच्या कुठल्याच वहीत नव्हतं. ते ऑनलाइन अर्जातून गोळा करून बँकांच्या खात्यांशी जुळवायचं होतं. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली गेली आणि पाठोपाठ याद्यांतल्या चुका उघड्या पडल्या. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत निकष वैयक्तिक शेतकरी हा ठेवला. याद्या बँकांकडून आल्या, शेतकऱ्याला अर्ज करायचा नव्हता, फक्त आधार प्रमाणीकरण होतं. शेतकरी तेच होते, बँकाही त्याच. नोंदीचं एकक बदललं.

यावर म्हणतात, निकष सरकार ठरवतं, त्यात विश्लेषकाचा काय दोष? आणि अर्ज घेतले नसते तर बोगस नावं घुसली असती. बोगस नावांची भीती खरी आहे. पण पडताळणी करायची तर दोन्ही बाजूंच्या वह्यांत एकच गोष्ट नोंदलेली असावी लागते. आणि निकष सरकारचा असला तरी 'ही अट कोणत्या कागदावरून सिद्ध होणार?' हे पहिला स्क्रीन काढण्याआधी लेखी विचारणं विश्लेषकाचंच काम आहे. तोंडी विचारलेलं बैठकीनंतर कुणाला आठवत नाही, म्हणून लेखीच विचारा.

बीडमध्ये याहून अवघड प्रश्न दारातच आहे. ऊसतोडीत हिशेब कोयत्याचा चालतो, आणि कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव पुरुषाचं लागतं. कोयत्यामागे एक ओळ धरली की बाई गायब होते. तिची मजुरी, आजारपण, बाळंतपण कुठेच दिसत नाही. माणसामागे एक ओळ धरली तर मुकादमाच्या हिशेबाशी मेळ बसत नाही. म्हणून माणूस, जोडी आणि मुकादमाच्या हाताखालची टोळी यांचे तक्ते वेगळे ठेवा आणि त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक नोंदीला हंगाम लावा, कारण पुढच्या साली मुकादम बदलू शकतो, कारखानाही. पत्त्याला एकच रकाना देऊ नका. शिरूर कासार किंवा धारूरचं बिऱ्हाड हंगामात कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतं. एकाच पत्त्यावर शोधलं तर सोबत गेलेलं पोर शाळेच्या पटावर नुसतं गैरहजर दिसतं. इतका तपशील कशाला, साधं ठेवा, असाही सल्ला मिळेल. साधेपणासाठी ज्याची नोंद गाळली जाते तो माणूस बैठकीत नसतो, एवढं ध्यानात ठेवा.

बाकी, लोकांचं ऐकून घ्या, घाई करू नका, हे सगळेच सांगतात. तेही खरंच आहे. पण बीड, अंबाजोगाईच्या कॉलेजांत शिकणाऱ्यांना माझी विनंती वेगळी आहे. यंदाच्या प्रकल्पाला ग्रंथालय व्यवस्थापन नको. एका टोळीची नोंद घ्या. मुकादमाची वही आणि ग्रामपंचायतीतलं ऊसतोड मजुरांचं रजिस्टर शेजारी ठेवून वाचा, आणि वहीत नाव नसलेल्या बायकांशी स्वतंत्रपणे बोला. हे काम दसऱ्याच्या आत उरका, त्यानंतर टोळ्या निघू लागतात.