गावचे पिण्याचे पाणी आणि आपली शेती

लोणंद परिसर हा कमी पावसाचा. कांद्याच्या बाजारपेठेमुळे येथे कांद्याचे क्षेत्र मोठे आहे आणि अनेक गावांचे पिण्याचे पाणी शिवारातील विहिरीतूनच येते. त्यामुळे शेतात आपण जे टाकतो, त्याचा संबंध थेट घरातील हंड्याशी येतो.

शासनाचे प्रयत्न
भूजलाच्या अभ्यासासाठी राज्यात १९७२ साली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पाणीस्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यावर बंधन आले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले. ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळाने माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी देणे, हे त्याचे उद्दिष्ट. मात्र नळ आला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नाही. स्रोत दूषित असेल तर नळातूनही तेच पाणी येते.

नायट्रेटचा धोका
पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली झिरपते. आपल्याकडील उथळ जमिनीत मुरूम व भेगाळ खडकातून ते लवकर विहिरीत पोहोचते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जास्त झाल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते व बाळ निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याची तीव्रता वाढते. तुरटी किंवा टीसीएल पावडरनेही ते जात नाही. म्हणून ते विहिरीत जाऊ न देणे, हाच उपाय.

शेतात काय करावे?
१) कांद्यास हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. निम्मे लागवडीवेळी व उरलेले दोन समान हप्त्यांत, ३० व ४५ दिवसांनी द्यावे. त्यानंतर युरिया टाकू नये.
२) माती परीक्षणानुसारच खत द्यावे. खत दिल्यावर मोकाट पाणी सोडू नये.
३) उकिरडा, गोठ्याचे सांडपाणी व शोषखड्डा विहिरीपासून दूर ठेवावा.
४) फवारणीचा पंप विहिरीवर धुऊ नये.

विहिरीचे निर्जंतुकीकरण
रोगजंतूंसाठी मात्र टीसीएल पावडर उपयोगी आहे. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात घ्यावी. उदाहरणार्थ, विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर असल्यास पाणी सुमारे २१,२०० लिटर भरते. त्यास ५३ ग्रॅम पावडर पुरते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा व वरचे निवळ पाणीच विहिरीत मिसळावे. तासाभराने पाणी वापरावे.

तपासणी
पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाण्याचा नमुना तपासून घ्यावा आणि नायट्रेटचा आकडा ग्रामसभेत मागावा. योजना शासनाची असली तरी स्रोत आपल्या शिवारात आहे. त्याची राखण आपणच करावयाची आहे.