नुसा पेनिडा : एका दिवसाला किती पडतात?

बालीला जाऊन आलेल्या कुणाचाही फोन हातात घ्या, त्यात एक फोटो हमखास सापडतो. समुद्रात घुसलेला हिरवा डोंगर, डायनासोरने मान खाली घातल्यासारखा, आणि पायथ्याला पांढऱ्या वाळूचा तुकडा. हे केलिंगकिंग. ते बालीत नाहीच. बालीच्या आग्नेयेला, सानूर बंदरातून स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या नुसा पेनिडा या बेटावर ते आहे. बहुतेक पर्यटक तिथे सकाळी जातात आणि संध्याकाळी परततात. मग रात्री हॉटेलच्या लॉबीत 'पैसे वसूल झाले की नाही' यावर घरातल्या घरात वाद रंगतो. निघण्याआधी हिशोब मांडला, तर यातला निम्मा वाद टळेल.

आधी चलनाचं बघू. इंडोनेशियन रुपियातली शून्यं पाहून गांगरायला होतं. सोपा उपाय असा, की शेवटची तीन शून्यं उडवायची आणि उरलेल्या आकड्याला साडेपाचाने गुणायचं. म्हणजे १,००,००० रुपिया झाले आपले साधारण साडेपाचशे रुपये. दर थोडा इकडेतिकडे होतो, पण काउंटरवर उभं राहून मनात हिशोब करायला एवढं पुरतं. पुढचे सगळे आकडे रुपियातले आहेत आणि ढोबळ आहेत. जुलै-ऑगस्ट आणि नाताळच्या गर्दीत ते चढतात.

व्हिसा ऑन अरायव्हलचे ५,००,००० आणि बाली प्रांताचा १,५०,००० चा पर्यटक कर या दिवसाच्या खात्यात धरू नका. ते संपूर्ण सहलीचे खर्च आहेत, एकदाच द्यायचे. पेनिडाला पोचल्यावर मात्र बेटाची वेगळी पावती फाडावी लागते, मोठ्या माणसाची २५,००० ची. पॅकेज घेतलं असेल तर ती त्यात धरली आहे का, हा पहिला प्रश्न विचारायचा.

कुटा, सेमिन्याक, उबुद, कुठेही गेलात तरी 'पेनिडा डे टूर'च्या पाट्या दिसतात. इतरांबरोबर गाडी वाटून घ्यायची असेल तर माणशी ६ ते १० लाख रुपिया मोजावे लागतात. त्यात सहसा दोन्ही बाजूंची बोट, बेटावरची गाडी आणि जेवण येतं. हॉटेलातून सानूरपर्यंत नेण्या-आणण्याचं कधी येतं, कधी नाही. मुंबई-पुण्याहून घेतलेल्या पॅकेजात तर 'नुसा पेनिडा फुल डे' एवढीच एक ओळ असते. ती ओळ फोडून घ्या. गाडी वेगळी की वाटून? बेटाचा पश्चिम भाग की पूर्व? पाण्यात उतरणं आहे की फक्त काठावरून बघणं? परतीची बोट किती वाजता? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा. तोंडी 'सब इन्क्लूडेड है' याला काही अर्थ नाही.

'गाइडेड' या शब्दालाही फार भुलू नका. पेनिडावर गाइड म्हणजे बहुतेक वेळा गाडीचा ड्रायव्हर. तो चांगला माणूस असतो, रस्ते त्याला तोंडपाठ असतात आणि तुमचा फोन घेऊन फोटो तर असे काढतो की लग्नाच्या फोटोग्राफरने शिकावं. पण बेटाचा इतिहास किंवा तिथल्या पक्ष्यांची नावं त्याच्याकडून मिळतीलच असं नाही. माहिती सांगणारा माणूस हवा असेल तर तसं आधी सांगून, जास्त पैसे मोजून ठरवावा लागतो. ड्रायव्हरला 'ब्ली' म्हणा, म्हणजे दादा. दिवस जरा सोपा जातो. टिपेची सक्ती नाही, पण दिवसभर वागवून घेणाऱ्याला ५०,००० द्यायला जड वाटू नये.

आता खरा मुद्दा. या सहलीत तुम्ही ठिकाणं विकत घेत नाही, तास विकत घेता. सकाळी साडेसात-आठची बोट धरलीत तर बेटावर नऊच्या आसपास पोचता. परतीच्या शेवटच्या बोटी पाचच्या सुमाराला सुटतात. हातात उरतात सात-साडेसात तास. हे बेट नकाशावर दिसतं तेवढं छोटं नाही. दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्रफळ, मधोमध पाचशे मीटरपर्यंत चढलेला चुनखडीचा डोंगर आणि त्यावरून वळत जाणारे अरुंद रस्ते. बंदरातून केलिंगकिंगला जायलाच पाऊण तास लागतो, आणि अकराच्या पुढे समोरून येणाऱ्या गाड्यांमुळे कितीही. म्हणजे दिवसातले तीनेक तास गाडीतच.

तरीही 'ईस्ट-वेस्ट कॉम्बो प्लस स्नॉर्कलिंग' अशी पॅकेजेस धडाधड खपतात, कारण यादी लांब दिसली की आपल्याला स्वस्त पडल्यासारखं वाटतं. ती घेऊ नका. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा फोटोच्या रांगेत जातात. एक बाजू निवडा. पहिल्यांदा जाताय तर पश्चिम: केलिंगकिंग, ब्रोकन बीच, एंजल्स बिलाबाँग, क्रिस्टल बे. आजी-आजोबा बरोबर असतील तरी ही बाजू बरी, कारण केलिंगकिंग वरूनच बघायचं असतं आणि ब्रोकन बीचला फार चढउतार नाही. पूर्वेला अतुह आणि डायमंड बीच आहेत. तिथे कड्यात खोदलेल्या पायऱ्या उतराव्या लागतात. गर्दी कमी आणि माझ्या मते देखणेपण काकणभर जास्तच, पण गुडघे शाबूत हवेत. बोट कोणत्या बंदराला लागते तेही विचारा: पश्चिमेसाठी बंजार न्युह किंवा तोयापाके, पूर्वेसाठी संपालान. चुकीच्या बंदराला उतरलात तर तासभर तिथेच जातो.

केलिंगकिंगच्या खालच्या किनाऱ्यापर्यंत उतरण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. वाट जवळजवळ उभी, आधाराला बांबूचा कठडा, चढून वर यायला तास-दीड तास, आणि खालच्या लाटांनी पोहणाऱ्यांचे जीव घेतलेले आहेत. एका दिवसाच्या सहलीत ते बसत नाही. त्या कड्याला लागून १८२ मीटर उंचीची काचेची लिफ्ट बांधायला घेतली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी ते काम थांबवून ती पाडण्याचा आदेश दिला. एंजल्स बिलाबाँगचं पाणी स्वच्छ आणि शांत दिसतं. ते दिसण्यावर जाऊ नका. कड्यावरून अचानक येणारी लाट तिथल्या माणसांना ओढून नेते. भरती असेल तर काठावरूनच बघा.

स्वतः जुळवायचं ठरवलंत तर चौघांच्या कुटुंबाचा हिशोब साधारण असा होतो. सानूर-पेनिडा बोट जाऊन-येऊन माणशी साडेतीन लाख, चौघांचे १४ लाख. बेटावर दिवसभराची स्वतंत्र गाडी ड्रायव्हर आणि पेट्रोलसकट ६ लाख. हे गाडीचे पैसे, माणशी नव्हेत. बेटाची पावती १ लाख. ठिकठिकाणचं पार्किंग आणि किरकोळ प्रवेश मिळून आणखी १ लाख. जेवण ३ लाख. कुटा-सेमिन्याकहून सानूरला गाडीने जाणं-येणं ४ लाख, उबुदहून जास्त. बेरीज २९ लाख, म्हणजे आपले सोळा हजार. माणशी आठ लाखांचं वाटून घ्यायचं पॅकेज घेतलं असतं तर चौघांचे ३२ लाख झाले असते, शिवाय अनोळखी लोकांसाठी थांबणं आलंच. चौघं असाल तर स्वतंत्र गाडी परवडते. दोघंच असाल तर गणित फिरतं, तिथे पॅकेज बरं.

स्कूटर दिवसाला ७५,००० ते १,००,००० ला मिळते आणि स्वस्त वाटते. पण दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ नसेल, तर अपघात झाल्यावर प्रवास विमा हात वर करण्याची शक्यता मोठी. त्या रस्त्यांवरचे उतार बघता मी तरी कुणाला हा सल्ला देणार नाही.

मांटा बघायचे तर

बेटावरचा सगळ्यात मोलाचा खर्च हा, आणि लोक नेमका तोच वाचवतात. पेनिडाच्या भोवतीचा समुद्र २०१० पासून संरक्षित आहे आणि इथे मांटा वर्षभर येतात. मांटा म्हणजे आपल्या कोकणातल्या पाकटाच्या गोतातला, पण शेपटीला काटा नसलेला. पंखांचा पसारा तीन-चार मीटर. पोटावरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. त्यांवरून इथले सहाशेहून अधिक मांटा अभ्यासकांनी ओळखून ठेवले आहेत. पाण्याखाली चेहरा घातलात की आधी नुसता हिरवट धूसरपणा, मग एक काळी सावली सरळ तुमच्याकडे येते. तोंड सताड उघडं, आतल्या कल्ल्यांच्या पट्ट्या दिसतात, डोक्याशी दोन पंखे दुमडत-उलगडत असतात. हाताच्या अंतरावर येऊन ती आरामात खाली वळते. खायचे असतात ते सूक्ष्म प्लवक. तुमच्यात तिला काडीचा रस नसतो.

तीन तासांची, तीन-चार ठिकाणं दाखवणारी सामायिक स्नॉर्कलिंग बोट माणशी २ ते ३.५ लाखांना पडते. मास्क, फिन आणि लाइफ जॅकेट त्यात आलं. चौघांचे १० लाख धरले तर वरचा हिशोब ३९ लाखांवर, म्हणजे साडेएकवीस हजार रुपयांच्या घरात जातो. पोहता येत नसेल तरी अडत नाही. लाइफ जॅकेट घालून रबरी कडं धरायचं, पाण्यातला गाइड ओढत नेतो. मात्र मांटा बे ही खुल्या समुद्राची जागा आहे, बोट हेलकावे खाते. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी.

सकाळची पहिली फेरी मागा. दहानंतर एकेका मांटाभोवती चाळीस-चाळीस माणसं असतात आणि ती निघून जाते. तीन मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही, तिच्या वाटेत आडवं जायचं नाही. 'मांटा दिसले नाहीत तर पैसे परत' असं कुणी म्हणालं तर ते लेखी घ्या; समुद्र खवळला की बोटी मांटा बेला जातच नाहीत. आणि मोलामोला दाखवतो म्हणणाऱ्या स्नॉर्कलवाल्यावर विश्वास ठेवू नका. तो अवाढव्य सनफिश साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये, थंड पाणी वर येतं तेव्हा, खोलवर डायव्हरांना दिसतो. तो बघायचा तर प्रमाणित डायव्हर असायला हवं आणि दोन डाइव्हचे बारा लाखांच्या पुढे मोजायला हवेत.

पोटाचं आणि पंचांगाचं

दुपारचं जेवण माणशी ५०,००० ते १,००,०००. शाकाहारी मंडळींनी नासी गोरेंग सायूर किंवा गाडो-गाडो मागवावं, पण 'तान्पा तेरासी, तान्पा तेलूर' हे सांगून. तेरासी म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट. ती सांबालात न सांगता येते. तेलूर म्हणजे अंडं. डब्यात दशम्या-चटणी घेतलीत तर कुणी अडवत नाही आणि जेवणाच्या थांब्याचा तासही वाचतो. रोकड जवळ ठेवा, पार्किंगच्या टपरीवर कार्ड चालत नाही आणि यूपीआयचा तर प्रश्नच नाही.

तारखा ठरवताना कॅलेंडर जरूर बघा. बालीतले हिंदूही शकच मोजतात. त्यांच्या शकाचा पहिला दिवस, न्येपी, आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. २०२६ चा तर १९ मार्चचा, नेमका पाडव्याचाच, आणि शक दोघांचाही १९४८. त्या दिवशी विमानतळही बंद असतो, बोटींचं नावच काढू नका. पेनिडाची स्वतःची आणखी एक सुट्टी आहे, न्येपी सगारा: चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीच्या सुमाराला, समुद्राला दिवसभर विश्रांती देतात आणि त्या पाण्यात कुणी बोट घालत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी जाणाऱ्यांची बुकिंगं त्यात सापडू शकतात. डिसेंबर ते मार्चच्या पावसात लाटा वाढल्या की बंदर आयत्या वेळी बंद करतात; तेव्हा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पेनिडा ठेवू नका.

पक्षी बघणाऱ्यांसाठी एका दिवसाची सहल फारशी कामाची नाही. बालीची पांढरीशुभ्र, डोळ्याभोवती निळी कातडी असलेली मैना २००१ च्या सुमाराला रानात जेमतेम सहा उरली होती. २००६ पासून एका निसर्गसंस्थेने पिंजऱ्यात वाढवलेल्या मैना पेनिडावर सोडल्या आणि गावांनी आपल्या परंपरागत कायद्यात पक्षी पकडायला बंदी घातली. ही मैना पेद गावाच्या आसपास दिसते, पण पहाटे, सानूरची पहिली बोट सुटण्याआधी. त्यासाठी बेटावर रात्र काढावी लागते. दोघांसाठी साधं होमस्टे अडीच ते चार लाखांत मिळतं, म्हणजे चौदाशे ते बावीसशे रुपयांत. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा लागेल, तिचे ६ लाख वेगळे. सकाळी साडेसातला केलिंगकिंगला पोचलात तर दिवसाच्या बोटी यायला अजून वेळ असतो. फक्त बोटीचं तिकीट घेताना परतीची तारीख मोकळी ठेवून मागा; बऱ्याच कंपन्या त्याचे जास्त पैसे घेत नाहीत.