धक्का जाणवला की वही काढा

कोयनानगर पोलादपूरहून सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तिथे ६.३चा भूकंप झाला, आणि तेव्हापासून कोयना-वारणा पट्ट्यात ५ व त्याहून मोठे वीसहून अधिक झाले. असा मध्यम धक्का महाड-पोलादपुरात पोहोचला, तर गावकऱ्यांनी, शिक्षकांनी, कॉलेजच्या मुलांनी करायची ही नोंद.

आधी मोबाइलवरची वेळ लिहा. पहिली हलकी थरथर आणि नंतरचा जोरकस हेलकावा यांत किती सेकंद गेले तेही लिहा. त्या सेकंदांना ८ने गुणलं की उगमाचं अंतर ढोबळ किलोमीटरमध्ये मिळतं. कोयनेचा धक्का पोलादपुरात आठ-नऊ सेकंदांचं अंतर दाखवेल. उगमाचे अक्षांश-रेखांश, खोली आणि परिमाण मात्र राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदीतूनच घ्या.

परिमाण भूकंपाला एकच असतं. तीव्रता गावागणिक बदलते. ती मोजायला यंत्र लागत नाही, माणसांना विचारावं लागतं, आणि तेही दोन-तीन दिवसांत, बातम्या आठवणीत मिसळण्याआधी. “आजी, भांडी वाजली का?” असं विचारू नका, आजी हो म्हणतील. “आजी, तेव्हा तुम्ही कुठे होतात? मग काय झालं?” एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. माणूस घरात होता की अंगणात, झोपलेला की चालता, तळमजल्यावर की वर, हे प्रत्येक नोंदीत हवं. मग घर पाहा: कौलं सरकली का, जांभ्याच्या भिंतीला गेलेली भेग ताजी आहे की जुनी. जुन्या भेगेत धूळ नि कोळिष्टकं असतात.

ज्या वाडीत कुणालाच काही कळलं नाही, तिचीही नोंद करा. माझ्या मते हीच नोंद सर्वांत मोलाची, कारण नकाशाची कड तिच्यावर ठरते आणि नेमकी तीच कुणी लिहून ठेवत नाही.

आता बारा पायऱ्यांच्या एमएसके मापाने प्रत्येक गावाला अंक द्या. घरातल्या मोजक्यांनाच जाणवलं तर ३. भांडी, दारं खडखडली तर ४. झोपलेले बहुतेक जागे झाले, टांगलेल्या वस्तू जोरात झुलल्या तर ५. लोक घाबरून बाहेर धावले, गिलाव्याला बारीक भेगा गेल्या तर ६. अंक नकाशावर मांडून सारखे अंक रेषांनी वेढा. महाड सावित्रीच्या गाळावर वसलंय आणि गाळात हेलकावे वाढतात, म्हणून कातळावरच्या वाड्यांपेक्षा तिथे अंक चढा आला तर तो खोडू नका. आपल्या दोन तालुक्यांतून नकाशाची एकच बाजू मिळेल. खेड, चिपळूण, महाबळेश्वर, पाटणच्या नोंदी जोडल्या तरच मधलं केंद्र उमटेल.

सुरुंगाचा दणका वेगळा ओळखा: तो एकच, आखूड, जवळच्या गावांपुरता असतो. महाडजवळच्या सव गावातल्या गरम झऱ्याचं तापमान आणि विहिरींची पातळी एरवीही महिन्याला मोजून ठेवा, नाहीतर भूकंपानंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

फिरताना वस्तीच्या वरच्या डोंगरउतारावर ताजी भेग दिसली, तर नोंदी तिथेच थांबवा. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड पावसाने कोसळली होती. धक्क्याने सैल झालेल्या उताराला तेवढ्या पावसाचीही गरज नसते. लोकांना आधी उताराच्या वाटेतून बाजूला, सुरक्षित जागी हलवा, आणि त्याच दिवशी तहसील कार्यालयात कळवा.